संदेश पोहोचला का?

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी गावात मारुतीच्या पारावर आमची निवृत्तांची बैठक भरली होती. बैठक म्हणजे काय, तर चहा, एकमेकांची गुडघेदुखी आणि देशाची काळजी. विषय नेहमीचाच निघाला, मोबाइलनं पिढी बिघडवली. एक हवालदार मित्र म्हणाला, "आपल्या वेळी पत्रं होती, माणसाला माणूस धरून होता. आता बघावं तो मान खाली घालून बसलेला." दुसऱ्यानं जोड दिली की सरकारनंही सगळं मोबाइलवर टाकलंय, म्हाताऱ्यांनी जायचं कुठं? तिसरा म्हणाला, कलियुग आहे. कलियुगाच्या पुढं कोणाला काही बोलता येत नाही, म्हणून चहाची दुसरी फेरी आली.

हे सगळं चाललं असताना त्याच पारावर, आमच्यापासून तीन हातांवर, माझ्या चुलतभावाची नात मान खाली घालून मोबाइलमध्ये बसली होती. ती आमचेच हयातीचे दाखले भरत होती. मधूनच एकेकाला हाक मारायची, "आजोबा, इकडं बघा. डोळे मिटा. उघडा." आजोबा डोळे मिटायचे, उघडायचे आणि परत येऊन मोबाइलनं पिढी कशी बिघडवली ते पुढं सांगायला लागायचे.

मी त्या दिवशी गप्प बसलो. मित्रांशी वाद घालायचं वय राहिलेलं नाही आणि त्यांचं सगळंच खोटं होतं असंही नाही. पण अठ्ठावीस वर्षं सिग्नल कोअरमध्ये काढल्यावर या विषयावर माझं स्वतःचं काहीतरी मत झालं आहे. ते मत एका जुन्या धड्यातून आलंय आणि तो धडा मी दोनदा विसरलोय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

१९८६ साली भरती होऊन मी जबलपूरला ट्रेनिंग सेंटरमध्ये पोहोचलो. आमचे उस्ताद हरियाणाचे होते. पहिल्याच आठवड्यात आम्हाला रांगेत उभं करून ते म्हणाले, "आजकल के रंगरूट रंगरूट नहीं, मेहमान हैं. हमारे जमाने में रंगरूट होते थे." आम्ही अठरा वर्षांचे, आम्हाला ते खरंच वाटलं. पुढं २०१२ च्या सुमारास माझ्या हाताखाली नवी पोरं आली तेव्हा माझ्याही तोंडून जवळजवळ तेच वाक्य निघालं. निघाल्यावर मी स्वतःशीच ओशाळलो. ही पोरं धावायला आमच्यापेक्षा कच्ची होती, हे खरं. पण नवीन आलेला रेडिओ सेट शिकायला आम्हाला जिथं महिना लागला असता, तिथं ती तीन दिवसांत पुस्तक वाचून मोकळी झाली. उस्तादांनाही कोणीतरी उस्ताद असणार आणि त्यांनीही हेच ऐकवलं असणार. पिढ्या दर वेळी इतक्याच घसरत आल्या असत्या तर १९११ साली उभी राहिलेली आमची कोअर आतापर्यंत पाताळात गेली असती.

पण त्याच उस्तादांनी मला सर्वात महत्त्वाची गोष्ट शिकवली. रेडिओवर संदेश पाठवण्याचा सराव चालला होता. मी माझा संदेश वाचला, सेट खाली ठेवला आणि म्हणालो, "उस्ताद, भेज दिया." ते म्हणाले, "किसने कहा?" मी म्हणालो, मीच. त्यावर ते म्हणाले, "तू कौन होता है कहने वाला? जिसको भेजा है, वो बोलेगा."

वायरलेसवरची पद्धतच तशी आहे. पाठवणाऱ्यानं संदेश सांगायचा. ऐकणाऱ्यानं तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा. आकडा असेल तर एक एक अंक सुटा सांगायचा. जुळला तर पाठवणारा 'बरोबर' म्हणतो, मग वेळ लिहितात, मग वहीत खूण. परत वाचून दाखवल्याशिवाय खूण करायची नाही. आवाज कितीही स्वच्छ असो, सेट कितीही महागडा असो. आमचं ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस'. त्यातलं 'तीव्र' म्हणजे वेग सगळ्यांना आवडतो. 'चौकस' हा शब्द मात्र कंटाळवाणा आहे, कारण त्यात तेच तेच पुन्हा विचारावं लागतं.

आता पत्रांच्या त्या सोन्याच्या काळाकडे येतो.

जानेवारी १९९३ मध्ये मी काश्मीरमध्ये तंगधारला होतो. कुपवाड्याकडून तिकडं जायचं तर दहा हजार फुटांवरची साधना खिंड ओलांडावी लागते आणि बर्फ पडला की तंगधार जगापासून तुटतं. मी एक्स्चेंजवर रात्रपाळीला असायचो. हातानं प्लग लावायचे, दांडा फिरवून घंटी द्यायची, कान लावून लाइन जिवंत आहे की मेली ते बघायचं. पहाटे बर्फानं तार तुटली की लाइनमन कंबरेएवढ्या बर्फात निघायचे आणि जोडापासून जोडापर्यंत तपासत जायचे. रात्रभर मी दुसऱ्यांचं बोलणं जुळवून द्यायचो.

एका सकाळी सुभेदार साहेबांनी बोलावून घेतलं. माझ्या हातात तार दिली. तात्या गेले होते. चार दिवसांपूर्वी. लढाईचे, हवामानाचे, रसदीचे संदेश आधी जातात, घरगुती तारा मागून येतात. त्यात कोणाची चूक नव्हती. रजा त्याच मिनिटाला मंजूर झाली, पण खिंड बंद होती. नऊ दिवस मी खिंडीकडे बघत बसलो. मग कुपवाडा, श्रीनगर, जम्मू, तिथून झेलम एक्स्प्रेस, पुणे आणि मग एसटी. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी पोहोचलो तेव्हा अठरावा दिवस होता. तेरावा होऊन गेला होता. अंगणात मांडवाचे खड्डे तेवढे राहिले होते.

परत पोस्टवर आलो तर माझ्या नावानं एक आंतरदेशीय पत्र येऊन पडलं होतं. तात्यांचं. जाण्याच्या पंधरा दिवस आधी लिहिलेलं. तात्यांना लिहिता येत नव्हतं. शेजारचा शाळकरी पोरगा लिहून द्यायचा, त्याचं अक्षर मी ओळखायचो. पत्रात होतं, येथील सर्व क्षेम आहे, माझी प्रकृती उत्तम आहे, रजेची घाई करू नये. दिवाळीपासून ते अंथरुणावर होते, हे मला आईनं नंतर सांगितलं.

म्हणून कोणी 'पत्रांचा तो काळ' म्हणायला लागलं की मला ते पत्र आठवतं. पत्रात ओलावा असायचा, हे कोणी नाकारत नाही. माझ्या ट्रंकेत अजून एक गठ्ठा आहे. पण गठ्ठा बांधून ठेवण्याची वस्तू आणि निरोप पोहोचवण्याची वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पत्रांनी आम्हाला एकमेकांपासून फार काही लपवायला शिकवलं. तुम्ही तिकडं बरे असल्याचं लिहायचं, आम्ही इकडं बरे असल्याचं लिहायचं. 'क्षेम' या शब्दाआड काय काय दडायचं, ते फौजी घरांना विचारा.

आणि सगळ्यात जास्त मुकी राहिली ती आई. लग्नाआधी आईची पत्रं शेजारचा पोरगा लिहायचा, लग्नानंतर माझी बायको लिहायला लागली. बायको शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पण सासूच्या मनातलं सुनेच्या अक्षरात किती उतरणार? आई सांगायची, "लिही, सगळं बरं हाय." बायको लिहायची, सगळं बरं आहे. दोघींचा काही दोष नव्हता. सुट्टीवर गेलो की घर पाहुण्यांनी भरलेलं. आईशी एकट्यानं बोलायला सवड मिळायची नाही.

काश्मीरमध्ये मोबाइल सेवा २००३ मध्ये सुरू झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मी बारामुल्ल्याला होतो. तोपर्यंत एसटीडी बूथवर रात्री दर उतरायची वाट बघत रांगेत उभं राहण्याची सवय होती. मागच्याचा श्वास मानेवर, पुढच्याचं घरचं भांडण कानावर. एके दिवशी गावाकडच्या एका ओळखीच्या माणसानं स्वतःचा मोबाइल आईच्या हातात दिला आणि तो बाजूला गेला. आई शेताच्या बांधावर उभी होती. आधी नुसतीच "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाळा, मला दिसंना झालंय. वरीस झालं. डोळ्यापुढं धूर दिसतोय नुसता. सुनंला सांगितलं न्हाई, तिच्यामागं पोरांचं काय कमी हाय व्हय?"

मोतीबिंदू होता. साताऱ्याला ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. माझ्या आयुष्यात आईनं थेट मला, मध्ये कोणी न ठेवता पाठवलेला तो पहिला निरोप. ती छत्तीस वर्षांच्या मुलाशी बोलत होती. त्यामुळे मोबाइलला सरसकट शिव्या देणाऱ्यांच्या पंगतीत मला बसता येत नाही.

पण इथंच थांबलो तर मीही जाहिरातीतल्या माणसासारखाच बोललो असं होईल. पुढचं सांगतो.

२०१० मध्ये मी नायब सुभेदार होतो आणि अरुणाचलमध्ये टेंगाच्या बाजूला आमची डिटॅचमेंट होती. सव्वीस माणसं. सिग्नल मिळायचा, एका ठराविक दगडावर उभं राहिलं तर चांगला मिळायचा. संध्याकाळी त्या दगडाभोवती गर्दी. घरची भाऊबंदकी, बायको-आईचं वाजलेलं, बँकेचा हप्ता, सगळं रोज रात्री पोस्टवर हजर. पूर्वी घरचं भांडण पत्रातून पंधरा दिवसांनी यायचं, तोपर्यंत तिकडं मिटलेलं असायचं. आता ते कढईतून थेट आमच्या ताटात पडायला लागलं. भांडून आलेला माणूस बारा वाजता रायफल घेऊन संत्री म्हणून उभा राहतो, हे ज्यानं बघितलंय त्याला त्यातली भीती कळेल. एका रात्री राउंडवर असताना मला नाल्याच्या पलीकडून निळा उजेड दिसला. संत्री मोबाइल बघत होता. मला दिसला, तर दुसऱ्या कोणालाही दिसू शकला असता.

दुसऱ्या दिवशी मी हुकूम काढला. रात्रीच्या रोल कॉलला सगळ्यांनी मोबाइल जमा करायचे, रिकाम्या पेटीत कुलूप लावून ठेवायचे, सकाळी पीटीनंतर परत. रजिस्टर केलं, सही घ्यायला लागलो. साहेबांना विचारलं होतं, ते म्हणाले, "ठीक है, देख लो." तीन आठवडे उत्तम गेले. पोरं झोपायला लागली, संत्री जागे राहायला लागले. मी वर कळवलं की योजना यशस्वी आहे. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातल्या एका जवानानं पेटीतून मोबाइल घेतला आणि तो तिथंच खाली बसला. रात्रीत तेवीस मिस कॉल. बायकोला नववा महिना होता. रात्री रक्तस्राव सुरू झाला. घरात म्हातारी सासू तेवढी. गाडी करायची का, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, पैसे कोणाकडून घ्यायचे, हे विचारायला ती फोन लावत होती. शेवटी शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरवर घालून नेलं. रक्त चढवावं लागलं. बायको वाचली, मुलगीही वाचली. तो जवान माझ्यासमोर सावधान उभा राहिला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "साब, पूछते तो बता देता."

मी विचारलं नव्हतं. रजिस्टरमध्ये मोबाइलचा मॉडेल नंबर लिहायला रकाना होता. घरी काय चाललंय यासाठी रकाना नव्हता. तंगधारला माझ्या बाबतीत जे बर्फानं केलं, ते इथं मी माझ्या सहीनं केलं होतं.

त्या दिवशी मला उस्ताद आठवले. मी हुकूम 'पाठवला' होता, आणि पोहोचला की नाही, पोहोचून त्याचं काय झालं, हे मीच ठरवून टाकलं होतं. हुकूम बदलला. मोबाइल फक्त संत्रीचे आणि तेही ड्यूटीपुरते. एक फोन रात्रभर ड्यूटीवरच्या एनसीओकडे जागता राहील आणि त्याचा नंबर सव्वीसही घरांत असेल. या वेळी खूण करायची घाई केली नाही. प्रत्येकाला सांगितलं, नंबर घरी कळवा आणि घरून एकदा त्या नंबरवर फोन येऊ द्या. फोन आल्याशिवाय नावापुढं खूण नाही. सव्वीस जणांनी सांगितलं, "कळवला साब." त्यातले पहिल्या आठवड्यात पंधरा फोन आले. उरलेल्या अकरा घरांपैकी काहींनी नंबर लिहूनच घेतला नव्हता, काहींनी एखादा अंक चुकीचा लिहिला होता, एका घरात तो ज्या कागदावर लिहिला होता तो चुलीत गेला होता. अकरा घरं. हुकूम काढून मोकळा झालो असतो तर त्या अकरा घरांचं मला कधी कळलंही नसतं.

तंत्रज्ञान चांगलं की वाईट, या वादात मला तेव्हापासून रस राहिला नाही. तोच मोबाइल आईच्या हातात होता आणि तोच संत्रीच्या. मी एवढंच बघतो, की ज्याच्यासाठी ती वस्तू आणली त्याचा आवाज परत येण्याची काही सोय आहे का?

अशी सोय डोक्यात ठेवून केलेली कामंही या देशात झाली आहेत. आपला पिनकोडच घ्या. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं, टपाल खात्यातला अधिकारी आणि संस्कृतचा पंडित. एकाच नावाची दहा गावं, पत्ता लिहिणाऱ्याची भाषा एक आणि पत्र वाटणाऱ्याची दुसरी, म्हणून पत्रं भलतीकडं जायची. सहा अंकांनी ते सुटलं. आम्हा फौजींसाठी तर नऊ हा पहिला अंक राखून ठेवलेला आहे. पत्र घेणारा हिमालयात कुठंही सरकला तरी पत्र त्याला शोधत यायचं. पत्र टाकणाऱ्याची सोय पाहण्याआधी ज्याला ते मिळायचं त्याची अडचण पाहिली, म्हणून ती योजना पन्नास वर्षं टिकली.

आता हयातीच्या दाखल्याचं बोलतो. निवृत्तीवेतन घेणाऱ्यानं दर नोव्हेंबरात 'मी जिवंत आहे' असं सिद्ध करायचं असतं. १० नोव्हेंबर २०१४ ला जीवन प्रमाण योजना आली. आधार आणि बोटाचा ठसा घेऊन दाखला घरबसल्या. २०२१ पासून चेहरा दाखवूनही होतो. मी त्याच वर्षी, २०१४ मध्ये, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे ही योजना आणि मी बरोबरच गावात आलो असं म्हणायला हरकत नाही.

पारावरचे मित्र म्हणतात, पूर्वीचंच बरं होतं. बँकेत जायचो, साहेब ओळखायचे, चहा मागवायचे. मी त्यांना विचारतो, साहेब ओळखायचे कोणाला? तुम्हाला आणि मला. मिशा, कडक इस्त्री आणि 'जय हिंद' म्हणणारा आवाज. गावात फौजींच्या विधवा आहेत, त्यांना कोणी चहा मागवला होता? चौदा किलोमीटर एसटीनं जायचं, रांगेत जमिनीवर बसायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर या असं ऐकायचं. लकवा झालेल्या एका नाईकाला तर पोरांनी बाजेवर घालून बँकेच्या दारात नेलं होतं, तो जिवंत आहे हे दाखवायला. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही.

म्हणून योजना आल्यावर मी उत्साहानं कामाला लागलो. वही केली. गावात आणि वाड्यांवर मिळून एकेचाळीस नावं. दाखला झाला की नावापुढं खूण.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या वाडीवर एक काकी आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. काकींनी जन्मभर खुरपं चालवलं, भांडी घासली, शेण थापलं. बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. मशिनवर अंगठा ठेवला की मशिन नाही म्हणायचं. तेल लावून, धुऊन, पुसून, दहाही बोटं लावून झाली. शेवटी तालुक्याच्या एका दुकानातल्या मुलानं चेहऱ्यावरून दाखला काढला, छापील चिठ्ठी दिली. मी चिठ्ठी बघितली, 'झालं' म्हणालो आणि वहीत खूण केली.

फेब्रुवारीत सहज वाडीवर गेलो होतो. काकी दारात बसल्या होत्या. गोठ्यात शेळी दिसली नाही. विचारलं तर म्हणाल्या, विकली. का विकली? "पैका लागत व्हता." पेन्शन? "ती तर दोन म्हैनं झालं आली न्हाई." मी म्हणालो, "काकी, मला सांगायचं नाही का?" तर म्हणाल्या, "आरं, तू वहीत खूण केलीस न्हवं का? मला वाटलं, सरकारनंच बंद केली आसंल. म्हातारी किती जगायची, म्हणून."

हे ऐकून मला खाली बसावं लागलं.

झालं होतं ते असं. दुकानातल्या मुलानं पेन्शनच्या कागदावरचा नंबर टाकताना दोन अंक उलटसुलट केले. दाखला तयार झाला, क्रमांक मिळाला, चिठ्ठी छापून आली. पण तयार होणं वेगळं आणि ज्यांनी पैसे द्यायचे त्यांनी तो स्वीकारणं वेगळं. तिथं तो नाकारला गेला. नाकारल्याचा संदेश काकींच्या नावावर जो मोबाइल नंबर होता त्यावर गेला असणार. तो नंबर नातवाचा होता, आणि नातवानं दोन वर्षांपूर्वीच सिम बदललं होतं. संगणकाच्या हिशेबी सगळं पाठवून झालं होतं. माझ्या वहीच्या हिशेबी खूण झाली होती. आणि काकी आपण जास्त जगलो म्हणून सरकार रागावलं असं समजून शेळी विकत होत्या.

दाखला पुन्हा केला. थकलेले पैसे एप्रिलमध्ये एकदम मिळाले. शेळी काही परत आली नाही. मुलाला दोष द्यावा तर तो दिवसाला शंभर दाखले भरतो. योजनेला द्यावा तर तिनं त्या लकवा झालेल्या नाईकाची बाज थांबवली. मी मात्र टेंग्याला जे शिकलो होतो ते निवृत्तीच्या कागदांबरोबर गुंडाळून ठेवलं होतं. खूण मी केली होती.

म्हणून 'सगळं ऑनलाइन झालं, सगळं सुरळीत आहे' असं कोणी सांगितलं की मी विचारतो, परत वाचून कोणी दाखवलं? आणि 'समाज रसातळाला गेला, पोरांना माणुसकी राहिली नाही' असं कोणी सांगितलं तरी तेच विचारतो. कोणत्या पोराशी बोललात? दोन्ही रिपोर्ट पोस्टवर न जाता लिहिलेले असतात. २०२५ च्या जानेवारीत सियाचीनवर ४जी-५जी पोहोचल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गटात लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, क्रांती. दुसरा म्हणाला, आता पोरं ग्लेशियरवर रील बघत बसणार. मी तंगधारची नऊ दिवसांची खिंड आठवली आणि टेंग्याचा निळा उजेडही आठवला. तिथं आज जो सुभेदार असेल त्याला दोन्ही सांभाळावं लागेल. लष्करानं जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितले होते, ते उगाच नाही. पण नुसत्या हुकमानं त्याचं काम संपणार नाही, हे तो माझ्यापेक्षा लवकर शिको.

या वर्षी आम्ही पद्धत बदलली. मान खाली घालून बसणारी ती नात दाखले भरते. नंबर टाकला की ती आजोबांना कागद धरायला लावते आणि एक एक अंक मोठ्यानं वाचून घेते. हे तिला मी शिकवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, बँकेचा नंबरपण असाच दोनदा टाकायला लावतात की." उस्तादांना ही रंगरूट आवडली असती. मोबाइल नंबर कोणाचा आहे, तो चालू आहे का, हे ती त्यावर फोन लावून बघते. एकेचाळीसमधले सहा नंबर बंद निघाले. ते बदलले.

आणि वहीत खूण आता दाखला झाल्यावर होत नाही. डिसेंबरची पेन्शन खात्यात आल्याचं ज्याचं त्यानं सांगितल्यावर होते. काकींचा निरोप दोन तारखेला आला. त्या स्वतः वाडीवरून चालत आल्या, दारातूनच ओरडल्या, "आलं रं पैसं सुभेदार, कर आता खूण."

आज ६ जानेवारी. अडतीस नावांपुढं खूण झाली आहे. तिघांचं काही कळलेलं नाही. एकाचा फोन लागत नाही, दोघे उचलत नाहीत. उद्या सकाळी मोटारसायकल काढून त्यांच्याकडे जाऊन येतो.

जय हिंद.